थेंबांचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी येरमाळा येथे झालेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई पंधरा दिवसांपूर्वी घरी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, यंदा पाककृती नको, बालसंगोपनही नको. तुमच्या त्या रंगाच्या फवाऱ्यावर बोला." मी म्हटले, "अहो, त्यात बोलण्यासारखे काय आहे? कळ दाबली की रंग उडतो." त्या म्हणाल्या, "मग तुमच्या टेबलावर इंजेक्शनच्या नळ्या, सोनाराचा काटा आणि मण्यांची डबी कशाला असते, तेवढे सांगा. हा दवाखाना आहे की सराफाचे दुकान, असे येणारी-जाणारी बाई आम्हाला विचारते." तेव्हा आज मी बोलणार आहे ते फवारा मारण्यावर नव्हे. फवाऱ्यात जाण्यापूर्वी रंग कालवायचा कसा, मोजायचा कशाने, आणि थेंब थेंब टाकायचा कोणत्या साधनाने, एवढेच सांगणार आहे. विषय लहान आहे. पण या लहान विषयाने मला एकदा चांगलेच रडविले आहे, म्हणून बोलायला धजते.

रंग कालवणे आपल्या गावाला नवे नाही. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी आमराईत येते आणि माणसे चुनखडीचे खडे वेचतात. तुम्ही वेचले आहेत, मीही वेचले आहेत. त्याच चुन्याने देवळाला सफेदी द्यायची जुनी रीत. आमच्या घरीही चुना भिजायचा. माझी आजी त्या भिजल्या चुन्यात नीळ टाकायची, पुरचुंडी दोन वेळा बुडवायची आणि बोटाने ढवळून म्हणायची, "झालं." एखाद्या वर्षी भिंत चांदण्यासारखी दिसे, एखाद्या वर्षी परटाच्या टोपल्यातल्या पाण्यासारखी. आजीला कोणी विचारले की ती सांगे, "अंदाज असतो बाई, तो शिकवून येत नाही." भिंतीला ते चालते. भिंत एकदाच्या एका बादलीतून निघते आणि पुढच्या वर्षी तिला पुन्हा हात द्यायचाच असतो. मूर्तीच्या चेहऱ्याला ते चालत नाही. हे मला कळायला एक वर्ष आणि दोन मुखवटे लागले.

ज्यांनी एअरब्रश पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टाकासारखा हातात धरायचा हा हवेचा कुंचला आहे. मागे कॉम्प्रेसरची नळी जोडलेली, पाठीवर एक इवलीशी वाटी. कळ खाली दाबली की वारा सुटतो, तीच मागे ओढली की वाऱ्याबरोबर रंग निघतो. माझ्या एअरब्रशच्या तोंडाचे छिद्र ०.३ मिलिमीटरचे आहे, आणि त्या छिद्रात एक सुई मागेपुढे सरकते. वाटीत दीड चमचा रंग मावतो. हा काही आजचा शोध नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ॲबनर पीलर नावाच्या गृहस्थांनी १८७० नंतरच्या दहा वर्षांत असे पहिले यंत्र केले, आणि रंग व वारा यंत्राच्या आतच मिसळणारा नमुना चार्ल्स बर्डिक यांनी १८९३ साली आणला. त्या काळी त्याचा मोठा उपयोग छायाचित्रे रंगविण्याकडे आणि दुरुस्त करण्याकडे होई. आपल्याकडे आज तो गणपतीच्या कारखान्यात भेटतो.

पेणजवळ हमरापूरला माझी एक मावसबहीण दिली आहे. हमरापूर, जोहे, कळवे ही सगळी गावे गणपतीची. तिच्या घरी मी प्रथम पाहिले की ओळीने मूर्ती मांडल्या आहेत, एकजण अंगाचा रंग फवारीत चालला आहे, दुसरा पितांबराची छटा, आणि डोळ्यांची आखणी करणारा निराळाच, मांडीवर मूर्ती घेऊन श्वास रोखून बसलेला. परत आल्यावर मंडळात विषय काढला. आपल्या भागात घरोघर महालक्ष्म्या बसतात. त्यांचे मुखवटे दरवर्षी कोणाचे टवके उडालेले, कोणाचे गाल धुराने काळवंडलेले. ते रंगवून देण्याचे काम मंडळाने घ्यावे असे ठरले, वर्गणीतून लहान कॉम्प्रेसर आला, आणि फवारा धरण्याचे पहिले धडे हमरस्त्याच्या कडेला गाड्या रंगविणाऱ्या एका काकांनी दिले. त्यांच्याइतका धीराचा शिक्षक मी पाहिला नाही. फवारा मारणे मला आठ दिवसांत आले. रंग कालवणे मात्र कोणी शिकविले नाही, कारण आम्हा सर्वांनाच वाटत होते की त्यात शिकण्यासारखे काही नाही.

आता त्या मुखवट्यांची हकीगत.

आमच्या गल्लीत एक अक्का आहेत. त्यांच्या सासूबाईंच्या वेळचे दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पहिल्याच वर्षी त्यांनी ते विश्वासाने माझ्या हाती दिले. मी पांढऱ्यात पिवळा घातला, तांबड्याचे बोट फिरवले, तपकिरीचा ठिपका दिला आणि आजीसारखीच म्हटले, "झालं." ज्येष्ठेचा चेहरा असा उतरला की काय सांगू! गव्हाळ, तुकतुकीत. कनिष्ठेला हात घातला आणि निम्म्या गालावर रंग संपला. मी पुन्हा कालवला. ज्येष्ठेचा वाळलेला चेहरा समोर ठेवला, वाटीतला ओला रंग तिच्या शेजारी धरला आणि अगदी केसाचाही फरक उरणार नाही असा जुळविला. रात्री कनिष्ठा पुरी करून निजले. सकाळी पाहते तो काय, एक बहीण गव्हाळ आणि दुसरी सावळी!

कारण मला पुढे समजले, आणि ते तुम्हीही लक्षात ठेवा. पाण्यात कालवायचे हे ॲक्रिलिक रंग ओले असताना फिके दिसतात आणि वाळल्यावर गडद होतात. ओला रंग वाळलेल्या रंगाशी जुळविणे म्हणजे पिठाची चव पोळीशी जुळविण्यासारखे आहे. नमुन्याच्या तुकड्यावर फवारायचे, वाळू द्यायचे, घाई असेल तर केस वाळविण्याच्या यंत्राचा वारा द्यायचा, आणि मगच शेजारी धरून पाहायचे.

पण त्या सकाळी हे कोणाला ठाऊक! आवाहन दुसऱ्या दिवसावर आलेले. अक्का मुखवटे न्यायला आल्या. मला तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी दोन्ही चेहरे हातात घेतले, उजेडात नेले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "असू दे गं. धाकटी रानात राबून आली असंल, रापली जराशी." एवढे बोलून त्या पिशवीत ठेवू लागल्या. त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. मी मुखवटे परत मागून घेतले, आणि रात्रभर बसून, एकाच वाटीभर रंगात दोन्ही चेहरे नव्याने केले. पहाटे रंग वाळला तेव्हा दोघी बहिणी एकसारख्या दिसत होत्या. पण आदल्या दिवशीचा तो ज्येष्ठेचा सुरेख रंग काही पुन्हा आला नाही. येणार कसा? त्यात काय किती घातले होते ते मलाच ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून मी हत्यारे शोधू लागले. हत्यारे म्हणजे काही मोठी नव्हेत. जे थेंब मोजू देईल ते हत्यार.

बायकांचे पहिले धावणे स्वयंपाकघराकडे. मी चमचे घेतले. पण चमच्यातला दाट रंग निम्मा चमच्यालाच चिकटून राहतो. मग मेंदीच्या कोनात रंग भरून पाहिला; थेंब छान पडतो, पण कोन ठेवला की वाळतो आणि टोक कापीत गेले की थेंब दरवेळी मोठा होत जातो. मेंदीची प्लॅस्टिकची बाटली मिळते, धातूच्या बारीक टोकाची, ती बरी निघाली. टोकात टाचणी खोचून ठेवायची, म्हणजे तोंड बंद होत नाही. शेवटी शहरातून थेंबाच्या नव्या बाटल्या मागविल्या. मऊ प्लॅस्टिकच्या, तोंडाशी बारीक चोच असलेल्या, ३० मिलिलिटरच्या. एका रंगाला एक बाटली. हे आमचे आजचे मुख्य साधन.

थेंब ही मोठी फसवी वस्तू आहे, बरे का. आपल्यात ज्या परिचारिका आहेत त्यांना ठाऊक आहे की नेहमीच्या सलाइनच्या नळीत २० थेंबांचा एक मिलिलिटर धरतात आणि लहान मुलांसाठीच्या बारीक नळीत ६० थेंबांचा. म्हणजे पाणी तेच, थेंब तिपटीने लहान! थेंब केवढा पडणार हे बाटलीची चोच ठरविते, रंगाचा दाटपणा ठरवितो, आणि बाटली उभी धरली की आडवी यावरही अवलंबून असते. मी एकाच पांढऱ्या रंगाच्या दोन बाटल्यांतून वीस वीस थेंब मोजून दोन नळ्यांत घेतले. एका नळीत रंग एक मिलिलिटरच्या रेघेच्या वर गेला, दुसरीत रेघेला पोचलाच नाही. म्हणून आमचा नियम असा: बाटली नेहमी सरळ उलटी धरायची, हलक्या हाताने दाबायची, घाईने पडलेला थेंब मोजायचा नाही, आणि बाटली बदलली की वहीत तसे लिहायचे.

याहून नेमके काम हवे तर इंजेक्शनची नळी. सुई नको, नुसती नळी. औषधांच्या दुकानात नवी, बंद पाकिटातली मिळते आणि किंमत चहाच्या कपाहून फारशी जास्त नसते. २ मिलिलिटरच्या नळीवर दशांशाच्या रेघा असतात, ५ च्या नळीवर दोन दशांशाच्या. पातळ करण्याचे पाणी आणि माध्यम मोजायला ही नळी अप्रतिम. दाट रंग मात्र बारीक तोंडातून ओढताना हवेचे बुडबुडे येतात आणि हिशेब चुकतो. तेव्हा नळीचा दट्ट्या काढून रंग मागून भरावा, तोंड वर करून हवा काढावी, मग मोजावे. पेट्रोलसारख्या वासाचे जे थिनर असतात त्यांना ही नळी वापरू नये, दट्ट्याचे रबर फुगून अडकते. आणि एक गोष्ट निक्षून सांगते, दवाखान्यात वापरलेली नळी धुऊन आणायची नाही. कोणी फुकट देते म्हटले तरी नाही.

यानंतर सोनाराचा काटा. याबद्दल मला मंडळात पुष्कळ हसले गेले. आपल्या आज्या-पणज्या सोने गुंजेवर मोजीत. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. एक गुंज म्हणजे ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहून जराशी जास्त. आज तळहाताएवढा विजेरीवरचा काटा काही शे रुपयांत येतो आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवितो, म्हणजे गुंजेचेही बारा तुकडे मोजतो. काट्यावर रिकामी वाटी ठेवायची, शून्य करायचे, पांढरा टाकायचा, पुन्हा शून्य, मग पिवळा. थेंब लहान पडो की मोठा, वजन खोटे बोलत नाही. मात्र वजनाचा हिशेब आणि थेंबांचा हिशेब एकमेकांत मिसळू नये. पांढरा रंग जड असतो, त्याचे दहा थेंब आणि तांबड्याचे दहा थेंब वजनाला सारखे भरत नाहीत. वहीच्या पानावर डोक्याशीच लिहावे, हे वजन आहे की थेंब.

आमच्या वहीत आज गव्हाळ चेहऱ्याचे पान असे आहे: पांढरा ८ ग्रॅम, पिवळी माती १.२०, तांबडा ०.४५, तपकिरी ०.१०. आता तपकिरीचा हा शंभरावा हिस्सा मोजताना हात जरा हलला की दुप्पट पडतो आणि बाई सावळी होते. यावर मला उपाय सापडला तो हिंगाच्या डबीत. बाजारचा बांधानी हिंग म्हणजे काय? अस्सल हिंग इतका उग्र की चिमूट चुकली तर आमटी फुकट. म्हणून त्यात पीठ आणि डिंक घालून त्याला सौम्य केलेले असते, आणि मग आपण निर्धास्त चिमूट टाकतो. तसेच मी केले. एक भाग तपकिरीत नऊ भाग पांढरा घालून एक बाटली करून ठेवली आणि तिला नावच दिले 'हिंग'. ०.१० तपकिरी हवा असेल तेव्हा या बाटलीतले पुरते १ ग्रॅम घ्यायचे आणि त्यात ०.९० पांढरा आलाच आहे म्हणून मूळ पांढऱ्यातून तेवढा कमी करायचा. ८ ऐवजी ७.१० घ्यायचा. सातवीतल्या मुलींना मी हे गणित घातले, त्यांनी माझ्याआधी सोडविले.

कालवण्याचे म्हणाल तर पहिल्यांदा आम्ही कॉफी घुसळण्याची विजेरीवरची छोटी रवी आणली होती. रंगाला असा फेस आला की जणू ताकच! फेसाळलेला रंग फवाऱ्यातून थुंकल्यासारखा उडतो आणि चेहऱ्यावर देवीच्या व्रणांसारखी छिद्रे पडतात. रवी परत डब्यात गेली. वाटीत कालवायचे तर चपट्या काडीने, कडेकडेने, घाई न करता. जुने चित्रकार शिंपल्यात रंग कालवीत, आणि शिंपल्याला कोपरे नसल्यामुळे काही राहून जात नाही, हे मी वाटी निवडताना ध्यानात ठेवले. गोल बुडाची वाटी घ्यावी. बाटलीतल्या रंगाला मात्र हलवावे लागते, कारण जड पांढरा तळाशी बसतो. तुमची नखे रंगविण्याची बाटली हलविली की आत खुळखुळ वाजते ना? त्यात दोन गोळ्या असतात त्या यासाठीच. मी हुशारी करून सायकलच्या दुकानातून छर्रे आणले आणि पांढऱ्याच्या बाटलीत टाकले. महिन्याने पांढरा रंग बदामी झाला. छर्रे पाण्यात गंजले होते! आता आम्ही काचेचे मणी टाकतो. चिटणीसबाई, मण्यांच्या डबीचा उलगडा हा असा आहे.

मग पाणी. चुना वेचणारी आम्ही माणसे. चुना आमच्या विहिरीत आणि बोअरच्या पाण्यातही उतरलेला. पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच थर ०.३ मिलिमीटरच्या भोकातही बसतो, तिथे तर सुईलाही वाट नाही. म्हणून रंग पातळ करायला आणि एअरब्रश शेवटचा धुवायला बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरावे. गॅरेजमध्ये मिळते. पण बाटलीवरचे नाव स्वतः वाचून घ्या, कारण त्याच फळीवर, तशाच बाटलीत बॅटरीचे तेजाबही असते. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला बरोबर न्या. अंदाजाने उचलू नका.

रंग किती पातळ हवा, हे सगळ्या बायका आधी विचारतात. साय काढलेल्या दुधाइतका. वाटीच्या आतल्या कडेला एक थेंब सोडावा. तो मागे पातळ पडदा ठेवीत सावकाश उतरला तर ठीक. जागीच बसला तर दाट. पाण्यासारखा पळाला आणि मागे काही राहिलेच नाही तर फार पातळ, तो गालावरून ओघळणार. कॉम्प्रेसरचा दाब आम्ही वीस पौंडांच्या आसपास ठेवतो. एअरब्रशच्या वाटीत आधी दोन थेंब पाणी, मग रंग. उलटे केले तर दाट रंग आधी छिद्रात जाऊन बसतो. आणि काहीही ओतण्यापूर्वी गाळायचे. चहाची गाळणी पुरत नाही, तिची छिद्रे आपल्या भोकाच्या मानाने वेशीच आहेत. बारीक नायलॉनच्या मोज्याचा तुकडा बाटलीच्या कापलेल्या तोंडावर ताणून रबरबँड लावला की झाले. उन्हाळ्यात रंग टोकाशीच वाळतो, तेव्हा वाटीभर रंगाला ग्लिसरिनचा एक थेंब घालते. एकच. मी एकदा चार घातले होते आणि त्या मुखवट्याला आठवडाभर बोट चिकटत होते.

आता जरा गंभीर बोलते.

ही सगळी हत्यारे घरगुती दिसतात, आणि घरगुती दिसणे हाच त्यांचा मोठा दोष आहे. पहिल्या वर्षी काटकसर म्हणून मी डोळ्यांत घालायच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या होत्या. थेंब त्यांच्यासारखा कशाचाच पडत नाही, कारण त्या मुळी त्यासाठीच केलेल्या. एकीत मी एअरब्रश धुण्याचे द्रावण भरले आणि कामाच्या गडबडीत ती खिडकीच्या फळीवर राहिली. आमच्या मामंजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. संध्याकाळी मी दिवा लावून आत आले तर ते खाटेवर मान मागे टाकून बसलेले, एका हाताने पापणी ओढलेली आणि दुसऱ्या हातात ती बाटली. मी ओरडलेसुद्धा नाही, धावत जाऊन हात धरला. ते मला विचारीत राहिले, "काय गं पोरी, काय झालं?" मला सांगवेना. त्या रात्री त्या साऱ्या बाटल्या मी कात्रीने कापून टाकल्या.

तेव्हापासून मंडळात औषधाची बाटली रंगाला वापरीत नाही. पिण्याच्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत थिनर भरीत नाही. तहानलेले पोर वाचीत बसत नाही. जी वाटी, जो चमचा, जे गाळणे रंगाला लागले ते मरेपर्यंत रंगाचेच. त्याला लाल दोरा बांधलेला असतो आणि ते कडी असलेल्या पेटीत जाते. घासूनपुसून स्वयंपाकघरात परत नेले, असे कोणी करू नये. काही रंगांतली द्रव्ये पोटात जाण्यासारखी नसतात, आणि स्टीलची वाटी चकचकीत झाली म्हणजे स्वच्छ झाली असे नाही.

शेंदराची गोष्टही अशीच. एका वस्तीवरून एक भाऊ आले होते, देवाच्या तांदळ्याला रंग द्यायचा होता. म्हणाले, "शेंदूरच तेलात पातळ करून उडवा की तुमच्या यंत्रानं." मी नाही म्हटले, त्यांना वाईट वाटले. पण अस्सल शेंदूर शिशाचा करतात, आणि शिसे हळूहळू भिनणारे विष आहे, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच. हाताने लावण्यात धोका आहेच. त्याचे धुके करून खोलीत सोडणे म्हणजे ते थेट श्वासात घेणे. घराच्या रंगात दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त शिसे नसावे असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसे लिहिलेले असते, ते पाहूनच घ्यावे. त्या भाऊंना आम्ही पाण्यातल्या बिनशिशाच्या रंगात शेंदरी छटा करून दिली. पान वहीत आहे, अठरावे. आणि साधा पाण्यातला रंग असला तरी फवारताना नाकातोंडावर चांगला मास्क हवा, खिडकी उघडी हवी. पदर तोंडाशी धरल्याने काही होत नाही, बायांनो; रंगाचे कण पदराच्या विणीतून सहज जातात. मास्क थिनरची वाफ अडवीत नाही, म्हणून थिनरचे रंग आम्ही घेतच नाही.

खर्चाचे कोणी विचारील म्हणून सांगते. कॉम्प्रेसर आणि एअरब्रश सोडला तर बाटल्या, नळ्या, काटा, मणी, गाळणे, वही या साऱ्यांचा खर्च एका बऱ्यापैकी साडीच्या आत बसला. सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती म्हणाल तर दोनशे पानी वही. आमच्यात चार हात रंगवितात आणि चौघींचा अंदाज चार तऱ्हेचा. वहीमुळे आता माझ्या हातचा गव्हाळ आणि धाकट्या वहिनींच्या हातचा गव्हाळ एकच येतो. आजीचा तो चांदण्यासारखा निळसर चुना मात्र आजीबरोबर गेला. मी पुष्कळदा करून पाहिला. पुरचुंडी केवढी होती, पाणी किती होते, कोण सांगणार?

गेल्या श्रावणात अक्का पुन्हा आल्या. ज्येष्ठेच्या नाकाचा टवका उडाला होता, पितळी समई लागून. म्हणाल्या, "तेवढ्यापुरतंच लाव, सगळं तोंड उतरवू नको." मी तीन वर्षांपूर्वीचे पान काढले. पहिल्या वर्षी आवाहनाच्या आदल्या रात्री कालवलेल्या रंगाचे ते पान नव्हते, ते कधी लिहिलेच गेले नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी मुखवटे नीट करून घेतले तेव्हाचे ते होते. चौथाई हिशेबाने रंग केला, तुकड्यावर फवारला, वाळविला, नाकाशी धरला, तर किंचित गोरा! हिशेब चुकला नव्हता. तीन वर्षांच्या धुपाने आणि कापराने देवीचाच चेहरा थोडा पिवळा झाला होता. पिवळ्या मातीचे दोन थेंब घातले, एक 'हिंगा'चा, आणि टवका कुठे होता ते मलाही शोधावे लागले. वहीत त्या पानाखाली तारीख घालून तेही लिहिले आहे. अक्कांनी नाकावरून बोट फिरविले, मग मला विचारले, "आणि धाकटीला?" मी म्हटले, "धाकटीला काही झालेलं नाही, अक्का." तर म्हणतात, "तिलाही एकदा धरून बघ की शेजारी." दोघींना शेजारी धरून, उजेडात नेऊन दाखविल्यावरच त्या उठल्या.

मागच्या टेबलावर पेटी उघडी ठेवली आहे. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना हात चालवून पाहायचा असेल त्यांनी यावे. मुलांना मात्र जवळ येऊ देऊ नका. काट्यावर कोपर टेकू नका, आणि पांढऱ्या झाकणाची बाटली फक्त पांढऱ्याची आहे, तिच्यात दुसरी काडी बुडवू नका. तेथेच वही आहे. ज्यांच्या घरच्या मुखवट्यांचे काम यंदा आहे त्यांनी नाव आणि मुखवटे कशाचे आहेत, शाडूचे, प्लास्टरचे की पितळेचे, ते शेवटच्या पानावर लिहून जावे. नागपंचमीच्या आत आणून दिलेत तर वाळायला वेळ मिळेल.